टोपी उचलून दिल्यावर

१ डिसेंबर १९९६, रविवार

आज नाट्यगृहाला सोडचिठ्ठी दिली. तशी पूर्ण नाही. आजारपणाची रजा टाकली आहे. माझा सहकारी नट मिलोये म्हणाला, “राडे, अशा दिवसांत आजारपणाची रजा म्हणजे भित्र्याचा राजीनामा.” त्याने स्वतःही रजाच टाकली आहे. त्याचा गुडघा, माझी कंबर.

पण संचालकांचा हुकूम ऐकून राहवलं नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत सरकारी पक्ष आमच्या ग्राबोवार गावात साफ हरला, आणि दुसऱ्याच आठवड्यात कोर्टाने निवडणूकच रद्द केली. लोक रोज शिट्ट्या वाजवत गावभर चालतायत. आणि आमचे संचालक म्हणतात, तीच जुनी विनोदी नाटकं चालू ठेवा, लोकांना हसू द्या. लोक हसतच आहेत की, पण तुमच्यावर.

रेल्वे कामगारांच्या सभागृहाचं तळघर आम्हाला मिळालं आहे. बोलावलं ओग्न्येनने. इथलाच मुलगा, बेलग्रेडला नाटक शिकून आला, तीस वर्षांचा, मफलर कधी काढत नाही. म्हणाला, “संहिता नाही. दिग्दर्शक नाही. प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट आणायची. जे उभं राहील ते सगळ्यांचं.”

यागोदा नर्स मतमोजणीला होती. तिने पहिली गोष्ट सांगितली: मतपेटी खिडकीतून बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा दोन माणसांना उचलावी लागली. मी विचार करत बसले, माझ्याकडे काय आहे? चव्वेचाळीस वर्षांची झाले. वीस वर्षं रंगभूमीवर आहे, आणि माझी वाक्यं काय, तर “पाहुणे आलेत, बाईसाहेब” आणि “एका जंगलात, मुलांनो.”

६ डिसेंबर

आज माझी गोष्ट सादर केली. बाबा वारले त्या दिवशीही मी बालनाट्यातली परीची आजी होऊन दोन प्रयोग केले, ती. ओग्न्येन म्हणाला, “छान.” यागोदा म्हणाली, “छान.” मिलोयेने जांभई गिळली, ती मी पाहिली. मग टायर कारखान्यातला एक जण उठला आणि पगाराऐवजी मिळालेल्या टायरांबद्दल बोलला, आणि सगळे हसता हसता रडले.

मला वाईट वाटलं असं इथे लिहायला हरकत नाही. मत्सर वाटला, हे जास्त खरं आहे.

१३ डिसेंबर

काल संध्याकाळी पुलाजवळ पोलिसांनी लोकांना झोडपलं. मी नव्हते. दाढ सुजली होती म्हणून घरी होते. आज तळघरात प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. कुणाच्या बरगड्या, कुणाचा फाटलेला कोट. मी कोपऱ्यात गालाला रुमाल लावून बसले. मिलोये म्हणाला, “बघा, राडोयकालाही लागलंय!” सगळे हसले. मीही हसले.

व्लास्ता काल पुलावर होता का, कोण जाणे. माझा धाकटा भाऊ पोलिसात आहे. तळघरात मी हे कधी बोलून दाखवलेलं नाही. माहीत तर सगळ्यांनाच आहे. ग्राबोवारमध्ये कुणाच्या घरी काय शिजतं तेही सगळ्यांना माहीत असतं. पण मी बोललेली नाही.

१९ डिसेंबर, संत निकोलाचा दिवस

आमच्या घराण्याचा सण. व्लास्ताकडे गेले होते. आई त्याच्याकडेच असते. भावजय रुझित्साने मांस-दुधाशिवायचा उपासाचा स्वयंपाक सुरेख केला होता; भाजलेला मासा, घेवडा, मधातला गहू. दरवर्षी तीस-चाळीस माणसं येतात. यंदा टेबलाची निम्मी बाजू रिकामी होती. आई दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची.

“शेजारच्या सेमीझकडची माणसं आली नाहीत,” आई म्हणाली.

“त्यांच्याकडे आजारपण असेल, आई,” रुझित्सा म्हणाली.

“संत निकोलाच्या दिवशी सगळ्या गल्लीला एकदम आजारपण?” मग माझ्याकडे वळून, “आणि तू! शिट्ट्या फुंकत फिरतेस म्हणे. भाऊ चौकात उभा असतो, बहीण त्याच्या तोंडावर शिट्टी वाजवते. तुझ्या वडिलांनी हे पाहिलं असतं तर…”

“तर त्यांनी ढोल वाजवला असता,” व्लास्ता म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो गमतीत बोलला. मग म्हणाला, “सेको, चल, वाइन आणू.” लहानपणापासून तो मला सेकोच म्हणतो, ‘ताई’ म्हणावं तसं.

परसातल्या खोलीत पिंप आहे. त्याने सुरई भरायला लावली आणि भरून वाहायला लागली तरी तोटी बंद करेना. मीच केली. मग तो अंगठ्याने तर्जनीची कड घासत राहिला. लहानपणी खोटं बोलताना असंच करायचा. आज तो खरं बोलत होता.

“पुलावर, त्या दिवशी. बेकरीच्या दारात एक म्हातारा होता. पळूही शकत नव्हता. मी मारलं. एकदा. त्याची टोपी पडली. मी वाकलो, टोपी उचलली, बर्फ झटकला आणि त्याला दिली.”

“टोपी का उचललीस?”

“काय माहीत. पडली होती ना.” थांबला. “मग परत मारलं.”

“परत का?”

“तो काहीतरी बोलला.”

“काय?”

“काही नाही. राहू दे. सेको, कुणाला सांगू नकोस हं. रुझित्सालाही माहीत नाही.”

“वेडा आहेस का,” मी म्हटलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी खरंच तसं म्हटलं.

आत जाऊन मासा खाल्ला. चव लागली नाही. पण घरी परत येताना वाटेत मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत होते: वाकलो, टोपी उचलली, बर्फ झटकला.

२२ डिसेंबर

सांगितलं. “एका ओळखीच्याकडून ऐकलंय,” एवढंच म्हटलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण ओग्न्येन म्हणाला की नाटकात पोलीसच नाही, म्हणजे निम्मं सत्य नाही. आणि मी उठले.

मी नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. मुद्दाम नाही, आपोआप झालं. सुरई भरताना तो जसा उभा होता तशी उभी राहिले. अंगठा बोटावर घासला. “काय माहीत, पडली होती ना,” म्हटलं तेव्हा तळघरात वरच्या पाइपातून पाणी जायचा आवाज ऐकू येत होता.

मिलोये, जो माझ्यासमोर वीस वर्षं जांभया देतोय, त्याचे डोळे भरले. यागोदाने मला मिठी मारली. ओग्न्येन म्हणाला, “हा नाटकाचा कणा आहे. आणि हे तुम्हीच करायचं, राडोयका. पुरुषाची भूमिका, पण तुम्हीच.”

कुणीही विचारलं नाही, तो ओळखीचा कोण. मला ते सुसंस्कृतपणाचं वाटलं.

घरी आल्यावर स्वतःला समजावलं: यात व्लास्ताची बदनामी कुठे आहे? उलट, टोपी उचलणारा पोलीस! लोकांना कळेल की हेल्मेटखाली माणूस असतो. त्याच्यासाठीच करतेय मी हे, एका अर्थी.

३० डिसेंबर

आज स्पासोये मास्तर आमच्यात आले. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी भूगोल शिकवला. मला, व्लास्ताला, ओग्न्येनलाही. उजवा हात गळ्यात बांधलेला. गळ्याजवळचं हाड मोडलंय. डोक्यावर लोकरीची टोपी, नातीने विणलेली, लाल गोंड्याची. मिलोये म्हणाला, “मास्तर, तुमची ती करडी फेल्टची टोपी कुठे गेली? तिच्याशिवाय तुम्ही म्हणजे नकाशाशिवाय भूगोल.”

“हरवली,” मास्तर म्हणाले.

ओग्न्येनने त्यांना पुलावरची हकिगत सांगायची विनंती केली. मास्तर म्हणाले, “माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता. मी काही पाहिलं नाही.” वय झालंय बिचाऱ्यांचं. धक्क्याने आठवण जाते म्हणतात.

मग आमच्यासाठी त्यांनी चहा केला. डाव्या हाताने. माझा कप देताना म्हणाले, “भाऊ कसा आहे, राडोयका?”

“बरा आहे, मास्तर.”

“झोपतो का नीट?”

मला प्रश्न विचित्र वाटला. म्हातारी माणसं झोपेबद्दलच विचारतात.

९ जानेवारी १९९७

आमच्या ७ जानेवारीच्या ख्रिसमसनंतरची पहिली तालीम. आता संध्याकाळी साडेसातला सरकारी बातम्या लागल्या की सगळं गाव खिडक्या उघडून पातेली बडवतं, त्या बातम्या ऐकूच येऊ नयेत म्हणून. आम्हीही तालीम थांबवून वर जातो आणि झाकणं आपटतो. हात दुखतात, पण मन हलकं होतं.

माझ्या प्रवेशावर आज खूप काम झालं. मिलोये म्हातारा करतोय. अडचण एकच होती: दुसऱ्यांदा मारण्यापूर्वी म्हातारा काय बोलतो? मला माहीत नाही, असं मी म्हटलं. ओग्न्येन म्हणाला, “मग आपण शोधू.” सगळ्यांनी सुचवलं. शेवटी मिलोयेचं ठरलं. टोपी हातात घेऊन तो ताठ उभा राहतो आणि म्हणतो, “ही टोपी तुझ्या मालकाला दे, त्याच्याकडे लाज झाकायला काही नाही!” मग मी मारते. फार जोरदार आहे. टाळी नक्की.

“पण तो असं बोलला का?” कोपऱ्यातून मास्तरांनी विचारलं.

“खरा माणूस असंच बोलेल, मास्तर,” ओग्न्येन म्हणाला.

मास्तर कोपऱ्यातून पुढे आले. मग म्हणाले, “माझी एक विनंती आहे. हा प्रवेश काढून टाका.”

“तुम्हाला त्रास होतोय का? समजू शकतो आम्ही,” यागोदा म्हणाली.

“माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी. ज्याने मारलं त्याच्यासाठी.”

वाद झाला. ओग्न्येन म्हणाला, त्यांच्यावर दया करायची वेळ अजून आलेली नाही. आमच्यात सगळं हात वर करून ठरतं. सगळ्यांचे हात वर गेले. मास्तरांचा नाही. माझाही गेला. वीस वर्षांनी मिळालेली भूमिका आहे, माझा हात कसा खाली राहील?

जाताना मास्तर माझ्याजवळ थांबले. म्हणाले, “छान करतेस. अंगठ्याचं ते फारच हुबेहूब आहे.” मला आनंद झाला. मग जिन्यात विचार आला: हुबेहूब कुणासारखं? पण तेवढ्यात मिलोयेने हाक मारली.

१६ जानेवारी

व्लास्ता आला होता. ड्युटीवरून सुटून, साध्या कपड्यांत, घरी धुरावलेल्या मांसाचा तुकडा कागदात बांधून. बारीक झालाय.

“जाहिरात पाहिली,” म्हणाला. “२६ तारखेला. तुझं नाव सगळ्यात वर आहे.”

“बाराखडीप्रमाणे लावलीयत नावं.”

“सेको, तुझं नाव ‘र’वरून सुरू होतं.”

हसलो दोघं. मग त्याने विचारलं, “कशावर आहे नाटक?”

“असंच. गावातल्या लोकांच्या गोष्टी. मतपेटी, टायर.”

“पोलीस आहेत का त्यात?”

“थोडे,” मी म्हटलं. “तू येऊ नकोस हं. लोक ओळखतील, काहीतरी बोलतील. उगाच कशाला.”

“नाही, नाही,” तो म्हणाला. “मी कशाला येतोय.” अंगठा बोटावर घासत होता. मी मान वळवली आणि कॉफी ओतली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण सांगितलं असतं तर तो ‘नको’ म्हणाला असता, आणि मला ‘नको’ ऐकायचं नव्हतं. इथे तरी खरं लिहावं.

२६ जानेवारी, रविवार

कोट न काढताच लिहायला बसले आहे.

सभागृह खचाखच भरलं. लोक कोटांसकट मांडीला मांडी लावून बसले, खिडक्यांवर वाफ साचली. आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो आणि एका सुरात म्हटलं, “इथला प्रत्येक शब्द खरा आहे.” तिथेच टाळ्या. यागोदाची मतपेटी झाली. टायर झाले. मग माझा प्रवेश.

मी निळा शर्ट घालून पुढे आले आणि मागच्या भिंतीपाशी, हीटरजवळ, व्लास्ता दिसला. शेजारी रुझित्सा. तिने नवा कोट घातला होता. नणंदेचं नाव जाहिरातीत वर आलं म्हणून तिनेच त्याला ओढत आणलं असणार.

मला थांबता आलं असतं. चक्कर आल्यासारखं करता आलं असतं; वीस वर्षांत तेवढं नक्कीच शिकले आहे. मी थांबले नाही. उलट आवाज खाली आणला, सावकाश घेतलं. आजच्याइतकं चांगलं मी ते कधीच केलं नव्हतं. अंगठा बोटावर घासला तेव्हा रुझित्साने मान वळवून नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. ते मी रंगमंचावरून पाहिलं, आणि पुढचं वाक्य म्हटलं.

टोपी पडली. मी वाकले, उचलली, झटकली, मिलोयेला दिली. मिलोयेने छाती फुगवली: “ही टोपी तुझ्या मालकाला दे…”

“तो असं नाही बोलला.”

मागून आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी “शू!” केलं. कुणीतरी म्हणालं, “बाहेर काढा रे त्याला.”

व्लास्ता भिंतीपासून सुटा झाला आणि मधल्या वाटेतून पुढे आला. माझ्याकडे पाहत नव्हता. मिलोयेच्या हातातल्या टोपीकडे पाहत होता.

“तो असं काही बोलला नाही. तो म्हणाला, ‘आभारी आहे, व्लास्ता.’ माझी हेल्मेटची काच वर होती. त्यांनी मला ओळखलं. भूगोल शिकवायचे मला. माझं नाव घेतलं त्यांनी… माझं नाव घेतलं म्हणून मी परत मारलं.”

तिसऱ्या रांगेत लाल गोंड्याची टोपी होती. स्पासोये मास्तर. ते वळले नाहीत. समोर बघत राहिले, वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की बघायचे तसे.

तेव्हा मला सगळं कळलं. करडी टोपी, झोपेबद्दलचा प्रश्न, ‘त्याच्यासाठी काढा’. इतका वेळ कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

आणि मग सगळ्यात भयंकर ते घडलं. डावीकडे कुणीतरी टाळी वाजवली. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, “शाब्बास!” कुणीतरी व्लास्ताच्या पाठीवर थाप मारली. तो वेड्यासारखा इकडेतिकडे बघत होता. जन्मात कुणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. रुझित्सा दारातून पळत बाहेर गेली.

२८ जानेवारी

बैठक झाली. ओग्न्येनचे डोळे चमकत होते. “आपण दोन महिने जे शोधत होतो ते भिंतीपाशी उभं होतं! हे रोज व्हायला हवं. एक नट प्रेक्षकांत बसवायचा. त्याने उठायचं, तेच बोलायचं.”

“तो माझा भाऊ आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” यागोदा म्हणाली, फार हळू. “पहिल्या दिवसापासून माहीत होतं, राडोयका. आम्हाला वाटलं, तू त्याला विचारलं असशील.”

मी म्हटलं, सगळा प्रवेश काढा, माझी गोष्ट मी परत घेते. ओग्न्येन वाईट माणूस नाही, तो अगदी शांतपणे म्हणाला, “सगळ्यांनी मिळून केलेलं एकाला परत घेता येत नाही. तुम्ही इथे ठेवलीत, ती आमची झाली. तुम्हीसुद्धा ती दुसऱ्याचीच घेतली होती.”

हात वर झाले. मिलोयेने आपला हात अर्धवट वर केला आणि मग त्याच हाताने कान खाजवला. मी शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघाले.

व्लास्ताकडे गेले. रुझित्साने दार अर्धंच उघडलं. “मुलं जेवतायत,” म्हणाली. आतून आईचा आवाज आला, “कोण आहे?” रुझित्सा म्हणाली, “कुणी नाही, आई.”

२ फेब्रुवारी

व्लास्ताला वरिष्ठांनी कामावरून काढलं. गणवेशाची बेअब्रू केली म्हणून. म्हाताऱ्याला मारलं म्हणून नव्हे, सांगितलं म्हणून. ही बातमी मला बेकरीच्या रांगेत कळली. सांगणाऱ्या बाईला वाटलं, मला आनंद होईल.

१२ फेब्रुवारी

आम्ही जिंकलो. सरकारने निवडणुकीचा निकाल मान्य केला. नगरपालिकेवर आपली माणसं. चौकात बँडवाले, ट्रकवरून फुकट वाइन, यागोदा कारंज्याच्या कठड्यावर चढून नाचत होती. मीही गेले. इतके आठवडे चालले होते, जाणारच. अनोळखी माणसांनी माझे मुके घेतले. एक जण ओरडला, “ही बघा आपली पोलीसबाई!” आणि मला उचलून घेतलं. मी वरून गर्दीत व्लास्ताला शोधत होते. तो इथे कसा येईल?

३ मार्च

ओग्न्येन आता नाट्यगृहाचा संचालक झाला आहे. पुढच्या महिन्यात आमचं नाटक मोठ्या रंगमंचावर होणार. ‘आमचं’ म्हणायची सवय जात नाही. माझी भूमिका बेलग्रेडची एक मुलगी करणार आहे. मला परीची आजी परत मिळाली आहे.

पुलावरच्या मारहाणीची चौकशी नव्या नगरपालिकेने सुरू केली. त्या दिवशी पुलावर कितीतरी पोलीस होते, सगळे हेल्मेटमध्ये. नाव फक्त एकाचं माहीत आहे, कारण त्याने ते भरल्या सभागृहात स्वतः सांगितलं. हुकूम देणारे कधीच बदली घेऊन गेले. मलाही साक्षीला बोलावलंय, मास्तरांनाही.

२१ मार्च

आज साक्ष झाली. आधी मास्तर आत गेले. दार जाड नाही. बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं.

“मी घसरलो,” मास्तर म्हणाले. “बर्फ होता.”

“दोनदा घसरलात?” चौकशी करणाऱ्या वकीलबाईंनी विचारलं.

“बाई, या गावात रस्त्यांवर मीठ टाकत नाहीत. तीनदासुद्धा घसरता येतं.”

मग मी. वकीलबाई सभ्य होत्या. म्हणाल्या, “तुमच्या नाटकाच्या सुरुवातीला तुम्ही सांगता की प्रत्येक शब्द खरा आहे. तुमचा प्रवेश खरा आहे का?”

मी आदल्या दिवशीच ठरवून आले होते. म्हटलं, “नाही. नाटक होतं. मी रचलं ते. मला मोठी भूमिका हवी होती.” शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही; दोन महिने त्या स्वतः रोज आमच्याबरोबर चालल्या होत्या.

शेवटी व्लास्ता. बाकावर तो माझ्यापासून लांब बसला होता. आत जाऊन त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं. मारलं, टोपी दिली, परत मारलं. कुठे, कशाने, कोणत्या खांद्यावर.

“पण तुमच्या बहिणीने आत्ताच सांगितलं की तिने हे रचलं.”

“ती चांगली नटी आहे,” व्लास्ता म्हणाला. “पण हे तिचं नाही. माझं आहे. माझ्या नावावर लिहा.”

प्रकरण कोर्टात जाईल. शिक्षा होईल, किती ते कळत नाही. माझ्या खोट्या साक्षीचं काय करायचं हेही ते ठरवतील.

तो बाहेर आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मास्तर अजून बाकावरच होते, कोट घालायच्या खटपटीत. हाड नीट बसलं नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. एक बाही घालून झाली होती आणि दुसरी मागे लोंबत होती. ते गोल गोल फिरून ती पकडू पाहत होते.

व्लास्ता दोन पावलांवर थांबला.

“मास्तर, तुम्ही खोटं का बोललात?”

“या वयात मला तेवढं माफ आहे.”

“मी मारलं तुम्हाला.”

“मला माहीत आहे, व्लास्ता. मी तिथेच होतो.”

व्लास्ता पुढे झाला आणि त्यांच्या मागे जाऊन त्याने कोट धरला. बाही खाली घेतली, हात वर न करता घालता येईल इतकी खाली. त्यासाठी त्याला गुडघे वाकवावे लागले.

आणि मी बघत होते. त्याचा उजवा हात कॉलरवर होता, डावा बाहीच्या टोकाशी. मान कुठे झुकलीय, श्वास कुठे अडलाय. सगळं टिपून घेत होते. टिपते आहे हे लक्षात आलं तेव्हा माझा अंगठा हलायला लागला होता.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि खिडकीपाशी गेले. खाली चौकात कुणीतरी कारंजं घासत होतं. मागे ते दोघं हळू आवाजात बोलत होते, बराच वेळ. मी काच उघडली, रस्त्याचा आवाज आत यावा म्हणून. ते काय बोलले, मला माहीत नाही.